बावीस किलोंचा मामा

प्रत्येक मराठी फॅमिलीत एक थापाड्या मामा असतोच. आमचा भांडुपला राहतो. त्याची थाप तशी एकच, पण वजनदार. १९८८च्या मे महिन्यात त्याने पवई तलावात गळ टाकून बावीस किलोंचा कटला पकडला. बावीस! आमच्याकडच्या कुठल्याही बारशाला, मुंजीला, साखरपुड्याला या. आइस्क्रीम येण्याआधी कुणीतरी हळूच पिन मारतंच, ‘मामा, तो मासा किती किलोचा होता रे?’ आणि मामाही दरवेळी आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारल्यासारखा खुर्ची पुढे ओढतो आणि सुरू होतो. आई, म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण, मागून ओरडते, ‘दादा, त्यात मासा किती आणि मीठमसाला किती ते एकदा वेगवेगळं सांग!’

माझ्या जन्माच्या आधीपासून हे असंच मजेत चाललं होतं. मग गेल्या डिसेंबरात मामाची बायपास झाली. वय एकाहत्तर. तासन्तास उन्हात बसणं, होडीत चढणं-उतरणं, जड रॉड ओढणं, डॉक्टरांनी सगळ्यावर फुली मारली. मार्चमध्ये मावसबहिणीचा साखरपुडा होता. तिथे आमच्या एका भावाने मामाची अशी फक्कड मिमिक्री केली की अख्खा हॉल लोळला. दोन्ही हात पसरून मासा दाखवायचा आणि प्रत्येक वाक्याला हात आणखी थोडे लांब करायचे. मामाही हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, म्हणजे फ्रीलान्सरच्या मध्यरात्री, त्याचा फोन.

‘तू पेपरात लिहितेस ना? मग एकदा शोधून काढ. एवढा मासा पवईत होऊ शकतो की नाही. होत नसेल तर तसं छाप. मी काही बोलणार नाही.’

फ्रीलान्सरला असाइनमेण्ट कुणीही देतं. पैसे कुणी देत नाही, ती गोष्ट वेगळी. पण मामाचा आवाज नेहमीसारखा नव्हता, म्हणून झोप गुंडाळून ठेवली आणि कामाला लागले.

पहिला प्रॉब्लेम हा की, या विषयातलं आपल्याला कुणालाच काही कळत नाही. मराठी माणसाचा मासा म्हणजे समुद्रातला. पापलेट, सुरमई, बांगडा, झालंच तर बोंबील. तळ्यातल्या माशाकडे आपण नाक मुरडूनच बघतो. चिखलाचा वास येतो, काटे फार, ‘ते बंगाली लोक खातात’ वगैरे वगैरे. त्यामुळे बावीस किलो हा आकडा ऐकून आमच्या घरात सगळे हसले, पण कटला साधारण केवढा होतो, असं एकानेही कधी विचारलं नाही. हसायला काही माहिती लागत नाही ना!

पवई तलाव तुम्ही हजार वेळा बघितलाय. जेव्हीएलआरवर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर दुसरं करणार काय? पण तो तलाव आहे कशासाठी, हे विचारलं तर बहुतेकांची विकेट पडते. १८९१ साली इंग्रजांनी मिठी नदीला मिळणारा एक ओहोळ अडवून तो बांधला, शहराला प्यायला पाणी हवं म्हणून. शेजारचा विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. ते दोघं आजही मुंबईला पाणी पाजतात. पवई मात्र परीक्षेत नापास झाला. पाणी पिण्यालायक नाही असं ठरलं आणि मग ते कारखान्यांना, आरे कॉलनीला वगैरे दिलं गेलं. घरातला एक मुलगा इंजिनीअर, एक डॉक्टर आणि तिसरा नाटकात, तसंच काहीसं.

पण नापास झाला म्हणूनच तिथे गळ टाकता आला. हौशी गळवाल्यांची संघटना तिथे स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. तेव्हा ती बॉम्बे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन होती, आता महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन आहे. मामा १९८२मध्ये मेंबर झाला. विक्रोळीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होता. मायक्रोमीटर घेऊन मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणारा माणूस. हे मी मुद्दाम सांगतेय. असा माणूस आयुष्यात एकाच मापाच्या बाबतीत थाप मारेल का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता.

आता कटला. हा मुळात मुंबईकर नाहीच. गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा. म्हणजे या शहरातल्या निम्म्याअधिक पब्लिकसारखाच बाहेरून आलेला आणि इथे येऊन गलेलठ्ठ झालेला. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघं बहुतेक वेळा एकत्रच सोडतात, कारण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, खालचा जबडा पुढे, चेहरा कायम कुणावर तरी रुसल्यासारखा. एवढं मोठं तोंड, पण खातो काय? पाण्यात तरंगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, प्लवंग. हत्तीने राईच्या दाण्यांवर जगावं तसं.

आणि आता खरी गंमत. हा मासा तलावात वाढतो, पण तलावात त्याला पोरं होत नाहीत. मादीच्या पोटात लाखांनी अंडी तयार होतात, पण ती टाकायला तिला पावसाळ्यातली फुगलेली, वाहती नदी लागते. साचलेल्या पाण्यात ती अंडी टाकत नाही, अंगातच जिरवून टाकते. दरवर्षी. पूर्वी म्हणूनच पावसाळ्यात नद्यांतून मत्स्यजिरे गोळा करावे लागायचे. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. तो दिवस देशात आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज तळ्यातळ्यांत जे मत्स्यबीज सोडलं जातं, त्यामागे तो शोध आहे.

म्हणजे काय? तर पवईतला प्रत्येक कटला कुणीतरी आपल्या हाताने सोडलेला आहे. बोटाएवढा असताना. त्याला बोटुकली म्हणतात. किती गोड शब्द! पिशवीत पाणी, पाण्यात बोटुकली, पिशवी तलावात तिरकी करायची की झालं.

मग तो केवढा होतो? मी आधी कमाल आकडा शोधला. कटल्याची नोंदवलेली सर्वांत जास्त लांबी १८२ सेण्टिमीटर, म्हणजे बच्चनएवढी म्हणा ना. आणि वजन ३८.६ किलो. म्हणजे मामाचे बावीस किलो अशक्य कोटीतले नाहीत. पण हे म्हणजे उसेन बोल्टकडे बघून चर्चगेट फास्ट पकडणाऱ्यांचा वेग ठरवण्यासारखं झालं. मासळीबाजारात मिळणारा कटला दोन-तीन किलोंचा असतो. चांगल्या राखलेल्या तळ्यात बोटुकली वर्षभरात साधारण किलोभराची होते आणि मग ती विकतातच. पुढे ती काय करू शकली असती, हे बघायला कुणी थांबत नाही.

थांबलं तर मात्र मजा दिसते. मासा आपल्यासारखा अठराव्या वर्षी वाढायचा थांबत नाही. हळूहळू का होईना, वाढतच राहतो. शिवाय लांबी आणि वजनाचं गणित सरळ नसतं. माशाची लांबी दुप्पट झाली तर वजन दुप्पट नाही, जवळजवळ आठपट होतं. म्हणजे हातभर मासा जर किलो-दीड किलोचा असेल, तर दोन हातांचा मासा थेट दहा-बाराच्या घरात जातो. मिमिक्रीवाला भाऊ हात जरासेच लांब करत होता, पण त्याने प्रत्येक वेळी तीन-चार किलो वाढवले हे त्याच्या गावीही नव्हतं.

वाढ ठरते ती ताटं किती आणि जेवण किती यावर. त्याच तलावात दुप्पट बोटुकली सोडली म्हणून दुप्पट मासे काही मिळत नाहीत. सगळेच उपाशी आणि खुरटे राहतात. बोरीवली लोकलसारखं आहे हे. चढतात सगळे, हात-पाय पसरायला जागा कुणालाच नाही. आणि फार कमी सोडली तर मरळ, पाणकावळे आणि मगरी त्यांचा फडशा पाडतात. हो, पवईत मगरी आहेत. आयआयटीच्या पोरांना विचारा. त्यामुळे या सगळ्यातून वाचलेलं एखादंच, ज्याला पहिली दोन-तीन वर्षं भरपूर खायला मिळालं आणि नंतर कुणाच्या तोंडात मावेनासं झालं, ते मग आरामात फुगत जातं. त्यालाही गळाला न लागता आठ-दहा वर्षं काढावी लागतात.

हे वाचता वाचता मी भलतीकडेच पोचले. न्यूझीलंडला! तिथे ब्राउन ट्राउट नावाचा मासा आहे. तोही बाहेरचा, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नेलेला. इंग्रज जिथे जायचे तिथे क्रिकेट आणि ट्राउट घेऊन जायचे. आपल्याकडे काश्मीरमध्येही तो त्यांनीच आणला. मुंबईत तो एक दिवस टिकणार नाही, त्याला गार पाणी लागतं. तर हा ट्राउट म्हणजे ओढ्यातला किलो-अर्ध्या किलोचा प्राणी. स्कॉटलंडच्या खोल तलावांत त्यातले काही किडे खाणं सोडतात, दुसरे मासे खायला लागतात आणि मग राक्षसासारखे वाढतात. त्यांना नावही तसंच आहे, फेरॉक्स. पण जगातला सर्वांत मोठा ब्राउन ट्राउट अशा कुठल्या रोमॅण्टिक तलावात सापडलेला नाही. तो सापडला न्यूझीलंडमधल्या ओहाऊ नावाच्या कालव्यात, वीज प्रकल्पाच्या सिमेण्टच्या काठांमध्ये. २०१३ साली १९ किलोंचा विक्रम तिथेच झाला आणि २०२०मध्ये तो मोडून २०.१ किलोंचा झाला, तोही तिथेच.

एकाच कालव्यात दोनदा? त्याचं कारण असं की, त्या कालव्यांत सामन माशांची शेती चालते. पिंजऱ्यातल्या सामनला गोळ्यांचं खाणं टाकतात, त्यातलं काही पिंजऱ्याबाहेर सांडतं आणि बाहेर ट्राउट तोंड उघडून बसलेले असतात. फुकटचा बुफे. म्हणजे जगातला नंबर वन ट्राउट हा दुसऱ्याच्या ताटातलं सांडलेलं खाऊन झाला. मग मला प्रश्न पडला, पवईत काय सांडतं?

उत्तर तुम्हाला माहितीय. वास येतो तेच.

तलावाभोवतीच्या वस्त्या, इमारती, सगळ्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्यात येत राहिलं. सांडपाण्यात नायट्रोजन असतो, फॉस्फरस असतो. शेतात घालतो ते खत आणि हे, शेवटी एकच. त्यावर हिरवं शेवाळ फोफावतं, शेवाळावर ते तरंगते जीव वाढतात आणि वर वळलेलं तोंड उघडून कटला ते गाळून गाळून पोटात घालतो. म्हणजे पवईत कटला जोमाने वाढतो त्यात तुमचा-आमचा, आपल्या फ्लशचा, थोडा वाटा आहेच. हे मी जेवताना आईला सांगितलं. ‘ईईई’ एवढीच प्रतिक्रिया आली आणि त्या दिवशी आमच्याकडे वरण-भातच होता.

पण हा बुफे उधारीवरचा आहे. तेच शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री शोषून घेतं. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी. त्यात दोन-चार दिवस ढगाळ गेले, शेवाळ मरून कुजायला लागलं, तर मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन आ वासतात. वरून जलपर्णी पसरली की ऊनही अडतं आणि हवाही. ज्या घाणीने मासा मोठा होतो तीच घाण एका पहाटे त्याला संपवू शकते. तलावाला घाण थोडी कमी झालेली चालते, एकदम जास्त झालेली चालत नाही. मामाच्या भाषेत, ‘ढेकर येईपर्यंत ठीक, पुढे उलटी.’ तलावाच्या काठाने सायकल ट्रॅकचं काम सुरू झालं होतं, ते मे २०२२मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवलं, तेव्हा मामाने भांडुपमध्ये पेढे वाटले होते. लोकांना वाटलं नातू झाला.

सोडलेला मासा मोठा होतो यात सगळं चांगलंच असतं असंही नाही. याचं उदाहरण आपल्या लोणावळ्याला आहे. तिथे वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करतात. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे महसीरचं कृत्रिम प्रजनन करून दाखवलं, तेव्हा ही मोठी गोष्ट होती. हा दख्खनचा महसीर, १८३९मध्ये साइक्स नावाच्या इंग्रजाने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला. त्याची पिल्लं दूरदूर गेली, कर्नाटकात कावेरीतही गेली आणि तिथे मस्त रुळली. पण कावेरीत आधीपासून एक कुबडवाला महसीर होता. १९४६मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा पकडला गेला होता, एवढा दांडगा. तो आता जवळजवळ संपलाय आणि त्याच्या जागा बळकावण्यात आपल्या लोणावळ्याच्या पाहुण्यांचा हात आहे असं अभ्यासक सांगतात. त्या कुबड्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. चांगल्या मनाने पाण्यात काही सोडताना सुद्धा खाली कोण राहतं ते बघावं लागतं.

असो. मी मामाची केस सोडवत होते.

पुरावा नंबर एक, फोटो. रंग उडून सगळं नारिंगी झालेला. मामा भांडुपच्या चाळीसमोर उकिडवा बसलाय, तेव्हा त्याला केस होते, आणि मासा जमिनीवर पेपर पसरून आडवा ठेवलाय. मागे चेतक स्कूटर. गळवाल्यांची एक जुनी ट्रिक असते, मासा हातात धरून कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे करायचा, म्हणजे तो डबल दिसतो. इथे तो चान्स नाही, मासा चाकांना जवळजवळ टेकूनच आहे. चेतकला दहा इंची रिम आणि साडेतीन इंची टायर. म्हणजे पूर्ण चाक साधारण सतरा इंच. पट्टी घेऊन बसले. मासा भरला अडीच चाकं. म्हणजे साडेबेचाळीस इंच. तो चाकापेक्षा थोडा पुढे आहे म्हणून दीड-दोन इंच वजा केले. चाळीस ते एकेचाळीस.

पुरावा नंबर दोन, रद्दीवाला. बावीसचा आकडा आला त्याच्याकडून. नाक्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मामाने मासा तोलला होता. मी म्हटलं, ‘मामा, रद्दीवाल्याचा काटा हा सोर्स म्हणून कुठल्याही एडिटरपुढे टिकणार नाही.’ मामा उसळला. ‘अगं, रद्दीवाल्याचा काटा कधी जास्त दाखवतो का? कमीच दाखवतो!’ लॉजिक म्हणून याला तोड नाही. तरीही मी तो पुरावा बाजूला ठेवला.

तिसरा पुरावा मला मागावा लागलाच नाही. मामी आतून चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, ‘घेर तीस इंच होता.’ मामी तेव्हा घरी ब्लाऊज शिवायची. मासा कापण्याआधी मामाने तिच्या मशीनवरचा टेप ओढून माशाच्या पोटाभोवती गुंडाळला. टेपला आठवडाभर वास येत होता. ‘पण तीसच होता हे एवढं कसं लक्षात राहिलं?’ मी विचारलं. ‘तेव्हा माझी कंबर अठ्ठावीस होती,’ मामी म्हणाली, ‘आणि तुझा मामा चाळभर सांगत सुटला की मासा बायकोपेक्षा दोन इंच जास्त भरला. मी दोन दिवस बोलले नव्हते.’

हा साक्षीदार मी कोर्टातही उभा करेन.

गळवाल्यांचं एक जगभर चालणारं गणित आहे. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचात, भागिले आठशे. उत्तर पौंडांत. तीस गुणिले तीस गुणिले एकेचाळीस भागिले आठशे. सेहेचाळीस पौंड. म्हणजे वीस किलो नऊशे ग्रॅम. लांबी चाळीस धरली तर वीस किलो चारशे. फोटोची चूक, टेपची ढिलाई, मामीचा राग, सगळं धरून मी एकोणीस ते एकवीस म्हणेन. पवईच्या कटल्याला!

आणि चौथी वस्तू. मामाने एलआयसीच्या एका जुन्या डायरीच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये त्या माशाचा एक खवला जपून ठेवलाय. कॅरमच्या स्ट्रायकरपेक्षा मोठा, पिवळा पडलेला, नखासारखा कडक. खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं असतात. मासा जोरात वाढतो तेव्हा ती दूर दूर पडतात, वाढ मंदावली की जवळ जवळ. त्यावरून वय काढतात. आपल्याकडे कडक हिवाळा नसल्यामुळे ती तेवढी स्वच्छ उमटत नाहीत. तरी एका कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या मॅडमनी खवला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, ‘आठ नक्की. नववं तुमच्या मामांवर सोडते.’

आठ किंवा नऊ. म्हणजे तो मासा १९७९-८०च्या पावसाळ्यात बोटुकली म्हणून पाण्यात गेला असणार. मामा तेव्हा मेंबरही नव्हता. त्या वर्षी ज्यांनी वर्गणी भरली, ज्यांनी पिशव्या उचलल्या, पाण्यात तिरक्या केल्या, त्यातल्या कुणाला तो मिळाला नाही. मिळाला तो विक्रोळीहून नंतर आलेल्या एका टूलरूमवाल्याला, आणि खाल्ला भांडुपच्या चाळीने. बावीस खोल्यांत वाटला होता म्हणे. (खोल्या बावीस होत्या हे मी चाळीत जाऊन मोजलं. मासा-खोल्या असा काही घोळ झालाय का, हा संशय मला होता. मामा म्हणतो, योगायोग.)

मी रिपोर्ट घेऊन भांडुपला गेले तेव्हा मामा टेबलाशी बसला होता. समोर मेंबरशिप रिन्यू करायचा फॉर्म. सगळा हिशोब वाचून दाखवला. चाकं, टेप, आठशेने भागाकार, खवला. तो टूलरूममध्ये ड्रॉइंग तपासायचा तसा मध्ये काहीही न बोलता ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे रद्दीवाल्याने किलोभर जास्तच दाखवला?’

‘हो.’

‘आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.’

मामी मध्ये पडली. ‘अहो, तो फॉर्म कशाला भरताय? बसायचं तर नाहीये आता तिथे. एवढे पैसे घालून काय करणार?’ मामा म्हणाला, ‘पावसाळ्यात बोटुकली सोडतील. त्यांचे पैसे कोण देणार?’ मामीने बोटांवर आठ-नऊ वर्षं मोजली, मामाच्या वयात मिळवली आणि काही न बोलता कप उचलून आत गेली.

‘साडेएकवीस लिही,’ मामा मला म्हणाला.

‘एकवीस, मामा. त्याच्या वर नाही.’

‘बरं, एकवीस.’ मग तो चेकबुक उघडून चष्मा शोधायला लागला. चष्मा त्याच्या डोक्यावरच होता.